आहार बदलला, तरी अस्थिमज्जा विसरत नाही

भारतात हृदयविकाराची चर्चा अजूनही कोलेस्टेरॉल आणि वजन या दोन आकड्यांभोवतीच घुटमळते. धमनीकाठिण्यात चरबीइतकाच दाहाचाही वाटा असतो, हे मात्र आता सिद्ध झाले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढील गंभीर घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. कोलेस्टेरॉल मात्र होते तेवढेच राहिले. त्याची किंमतही होती: जीवघेणे संसर्ग वाढले.

मग हा दाह टिकून का राहतो? एक संभाव्य उत्तर जन्मजात प्रतिकारशक्तीच्या स्मृतीत आहे. मिहाई नेटिया व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ असे नाव दिले. २०१८ मध्ये जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी उंदरांना चार आठवडे मेदयुक्त पाश्चात्त्य आहार दिला. नेहमीचा आहार पुन्हा सुरू करताच रक्तातील दाह ओसरला. परंतु अस्थिमज्जेतील जनक पेशींमध्ये झालेले बदल टिकून राहिले. रक्तातील मोनोसाइट पेशी अल्पायुषी असतात. स्मृती जपली जाते ती त्यांच्या उगमस्थानी.

हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत आणि ते माणसाला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल. पण त्यांची पारख करण्यासाठी पुण्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के भरला. ‘लान्सेट’ने २००४ मध्ये छापलेली ही तुलना सडपातळ भारतीय देहात दडलेल्या मेदाचे प्रतीक ठरली. याज्ञिकांच्याच पुढाकाराने केईएम रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या वेळी जन्मलेली मुले आज तिशीत आहेत.

या पिढीच्या मोनोसाइट पेशींत दाहाची स्मृती आहे का, हे तपासायला हवे. जबलपूरच्या विजय नगरातला असो वा पुण्यातला, सडपातळ तरुण केवळ वजनकाट्याच्या साक्षीवर निर्धास्त राहतो. ‘आज खाऊ, उद्या पथ्य पाळू’ हा हिशेब शरीरालाही मान्य आहे की नाही, हे भारतीय पुराव्यानेच ठरले पाहिजे.