विश्लेषण : सर्वोत्तम हॉकीपटूने कमी पगार का घेतला? ‘सॅलरी कॅप’चा वाद नेमका काय?

उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’मध्ये (एनएचएल) सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस किरिल काप्रिझोव्हने मिनेसोटा वाइल्ड संघाशी आठ वर्षांचा, १३.६ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी १.७ कोटी डॉलर! लीगच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा करार. आठवडाभरातच कॉनर मॅकडेव्हिडने एडमंटन ऑयलर्सशी करार वाढवला. मॅकडेव्हिड हा आजचा सर्वोत्तम आइस हॉकीपटू मानला जातो. त्याने मात्र वर्षाला १.२५ कोटी डॉलरच घेतले, तेही दोनच वर्षांसाठी. जास्त मागता येत असताना कमी घेणारा खेळाडू शहाणा की भोळा? आणि संघ हरला की पगाराचा दोष खेळाडूचा की तो ठरवणाऱ्यांचा? चाहत्यांमधील या वादाचे मूळ ‘सॅलरी कॅप’मध्ये आहे.

सॅलरी कॅप म्हणजे काय?

बर्फावरच्या हॉकीची एनएचएल ही जगातील सर्वांत श्रीमंत लीग. अमेरिका आणि कॅनडातील ३२ संघ तीत खेळतात. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करता येईल, याची कमाल मर्यादा ठरलेली असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ९.५५ कोटी डॉलर आहे. किमान मर्यादाही आहे, ७.०६ कोटी डॉलर. म्हणजे श्रीमंत मालकाला वाट्टेल तेवढा पैसा ओतता येत नाही आणि कंजूष मालकाला हात आखडता घेता येत नाही. करार अनेक वर्षांचा असेल तर त्याची वार्षिक सरासरी मर्यादेत मोजली जाते.

आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाकडे ठरावीक रक्कम असते, तशीच ही कल्पना. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती आणि त्यातील २७ कोटी लखनऊने एकट्या ऋषभ पंतवर खर्च केले. हे प्रमाण साडेबावीस टक्के होते. एनएचएलमध्ये हा सौदा नियमबाह्य ठरला असता. तिथे कोणाही एका खेळाडूला संघाच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. दुसरा फरक मोठा आहे. तिथे लिलाव नसतो. खेळाडू आणि त्याचा एजंट संघाशी थेट घासाघीस करतात. त्यामुळे ‘किती मागायचे’ हा निर्णय खेळाडूचा असतो आणि टीकाही त्याच्याच वाट्याला येते.

ही मर्यादा आली कशी?

त्यासाठी अख्खा एक हंगाम बुडाला. खर्चावर लगाम हवा म्हणून मालकांनी २००४ मध्ये टाळेबंदी केली. खेळाडूंच्या संघटनेने विरोध केला आणि २००४-०५ चा हंगाम पूर्ण रद्द झाला. शेवटी खेळाडूंना मर्यादा मान्य करावी लागली, शिवाय चालू करारांत २४ टक्के कपातही सोसावी लागली. २००५-०६ मध्ये पहिली मर्यादा ३.९ कोटी डॉलर होती. २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली आणि हॉकीतून येणारे उत्पन्न मालक व खेळाडूंनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरले. उत्पन्न वाढले की मर्यादा वाढते, घटले की अडते.

यातील ‘निम्मे-निम्मे’ हा भाग महत्त्वाचा. खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेला असल्याने एका खेळाडूला जास्त मिळाले, तर ते मालकाच्या खिशातून नव्हे, बऱ्याच अंशी इतर खेळाडूंच्या वाट्यातून जाते. मर्यादेपर्यंत खर्च करणाऱ्या संघात तर हे उघडच दिसते. ताऱ्याला दहा लाख जादा दिले, म्हणजे तिसऱ्या फळीतील कोणाचे तरी दहा लाख गेले.

टोरंटोचे गणित कुठे बिघडले?

या वादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण टोरंटो मेपल लीफ्सचे. लीगमधील सर्वांत श्रीमंत संघांपैकी हा एक, पण १९६७ नंतर त्यांनी स्टॅनले चषक जिंकलेला नाही. जुलै २०१८ मध्ये त्यांनी जॉन टवारेसला वर्षाला १.१ कोटी डॉलरवर आणले. पुढच्या सव्वा वर्षात विल्यम नायलँडर (सुमारे ७० लाख), ऑस्टन मॅथ्यूज (१.१६ कोटी) आणि मिच मार्नर (सुमारे १.०९ कोटी) यांचे करार झाले. चौघे मिळून ४.०५ कोटी डॉलर. त्या वेळची मर्यादा होती ८.१५ कोटी. संघात २३ जण ठेवता येतात. त्यातील चार आघाडीपटूंवर निम्मी रक्कम गेली आणि गोलरक्षक, बचावपटू व राखीव खेळाडू अशा उरलेल्या १९ जणांना दुसऱ्या अर्ध्यात बसवायचे होते.

तत्कालीन सरव्यवस्थापक काइल डुबास यांचा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. मर्यादा दरवर्षी वाढत होती. ती तशीच वाढली असती, तर आज महाग वाटणारे करार तीन वर्षांत स्वस्त वाटले असते. पण २०२० मध्ये करोना आला, प्रेक्षागृहे ओस पडली आणि मर्यादा ८.१५ कोटींवर गोठली. पुढचे दोन हंगाम ती हलली नाही आणि त्यानंतरही दोन वर्षे दहा-दहा लाखांनीच सरकली. पगार वाढीव मर्यादा गृहीत धरून दिले होते, ती वाढ मात्र आलीच नाही.

तरीही सगळा दोष करोनाला देता येणार नाही. गोठलेली मर्यादा सर्वांनाच होती. कोलोरॅडो ॲव्हलांचने नेथन मॅकिनन या अव्वल खेळाडूशी २०१६ मध्येच सात वर्षांचा करार केला होता, वर्षाला ६३ लाख डॉलरचा. तो ऐन भरात असताना संघाकडे इतरांसाठी पैसा उरला आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोने चषक जिंकला. टोरंटोने मॅथ्यूजशी पाचच वर्षांचा करार केला. २०२४-२५ मध्ये मॅथ्यूज आणि नायलँडर यांचे नवे, मोठे करार लागू झाले तेव्हा चौघांचा वाटा मर्यादेच्या ५३ टक्क्यांवर गेला.

निकाल काय लागला?

चौघे एकत्र होते ते सात हंगाम. या काळात टोरंटोने बाद फेरीच्या फक्त दोन लढती जिंकल्या. २०२३ मध्ये टँपा बे आणि २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध. पाच वेळा निर्णायक सातव्या सामन्यात हार झाली. शेवटची हार मे २०२५ मध्ये, घरच्या बर्फावर, फ्लोरिडाकडून ६-१ अशी. चाहत्यांचा सर्वाधिक राग निघाला तो मार्नरवर. त्या हंगामात त्याने १०२ गुण (प्रत्येक गोल वा गोलसाहाय्याला एक) मिळवले होते. तो टोरंटो परिसरातच वाढलेला, तरीही ‘घरच्या पोराने घरच्यांकडून जास्त घेतले’ ही बोच कायम राहिली.

इथे व्यवस्थापनाची एक चूक अनेकदा विसरली जाते. मार्नरच्या करारातील शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवता येणार नाही, असे कलम होते. ते १ जुलै २०२३ पासून लागू होणार होते. म्हणजे बदल करायचा तर त्याआधीच. पण मे २०२३ मध्ये डुबास यांना हटवले गेले, महिनाअखेरीस ब्रॅड ट्रेलिव्हिंग आले आणि महिनाभरात ती खिडकी बंद झाली. दोन वर्षांनी करार संपताना मार्नर व्हेगास गोल्डन नाइट्सकडे गेला, आठ वर्षे, वर्षाला १.२ कोटी डॉलरवर. टोरंटोच्या हाती निकोलस रॉय हा एक मधल्या फळीचा खेळाडू आला.

त्याच सुमारास ३४ वर्षांच्या टवारेसने मात्र वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरवर राहणे पसंत केले. आदल्याच हंगामात त्याने ३८ गोल केले होते. जो संघ सात वर्षे ‘खेळाडू सवलत देत नाहीत’ म्हणून अडला, त्याला सवलत मिळाली ती चौकडी फुटल्यावर.

एडमंटनला फटका कसा बसला?

कॅपचा जाच फक्त महागड्या खेळाडूंपुरता नसतो. तरुण खेळाडूचा करार संपला तरी काही वर्षे त्याच्यावर पहिला हक्क जुन्या संघाचा राहतो. दुसऱ्या संघाने त्याला देकार दिला, तर जुन्या संघाला सात दिवसांत तेवढीच रक्कम देऊन त्याला राखता येते. नाही तर भरपाई म्हणून नवोदितांच्या निवडीतील क्रमांक घ्यावे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइस ब्लूजने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोघांना एकाच वेळी देकार दिले. अंतिम फेरी खेळून आलेल्या एडमंटनकडे जागाच नव्हती. दोघेही गेले. हॉलोवेने सेंट लुइसकडून पहिल्याच हंगामात ६३ गुण मिळवले. एडमंटन २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि पुन्हा फ्लोरिडाकडूनच हरले.

मॅकडेव्हिडचा निर्णय या पार्श्वभूमीवर समजतो. त्याचा करार लागू होईल त्या २०२६-२७ च्या हंगामात मर्यादा १०.४ कोटी डॉलर असेल. २० टक्क्यांच्या नियमात राहूनही त्याला याहून बरेच जास्त मागता आले असते. त्याने दरवर्षी लाखो डॉलर सोडले. त्याचा वाटा मर्यादेच्या १२ टक्के राहील, काप्रिझोव्हचा १६ टक्क्यांहून अधिक.

पण सोडलेला पैसा आपोआप चषक आणत नाही. लिऑन ड्रायसाइटल (१.४ कोटी), इव्हान बुशार्ड (१.०५ कोटी) आणि डार्नेल नर्स (९२.५ लाख) हे मॅकडेव्हिडसह धरले तर एडमंटनचे चौघेही मर्यादेच्या सुमारे ४४ टक्के घेतात. नर्सचा आठ वर्षांचा करार २०२१ मध्ये झाला आणि तेव्हापासून चाहत्यांच्या टीकेचे ते हक्काचे लक्ष्य आहे. मॅकडेव्हिडने उघडलेली जागा एका जुन्या चुकीची भरपाई करण्यातच जाणार असेल, तर त्याच्या त्यागाचा उपयोग काय, हा एडमंटनमधला प्रश्न रास्त आहे.

फ्लोरिडाला करांचा फायदा मिळतो का?

सध्याचा सर्वांत तापलेला मुद्दा हाच. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी अशा राज्यांत राज्य पातळीवरचा प्राप्तिकर नाही. तिथे कमी पगारातही खेळाडूच्या हाती जास्त पडते आणि संघाची मर्यादा वाचते. २०२० ते २०२५ मधील सहापैकी पाच चषक टँपा बे, व्हेगास आणि फ्लोरिडा या करमुक्त राज्यांतील संघांनी जिंकले. २०२५ च्या विजयानंतर फ्लोरिडाने सॅम बेनेट, एरन एकब्लाड आणि ब्रॅड मार्शां या तिघांनाही राखले, तेही मिळून वर्षाला दोन कोटींच्या आत.

पण हेच करनियम असताना फ्लोरिडाने १९९६ नंतर थेट २०२२ पर्यंत बाद फेरीची एकही लढत जिंकली नव्हती. टेनेसीतील नॅशव्हिलने तर अद्याप एकदाही चषक जिंकलेला नाही. कर हा फायदा खराच, पण त्याचे सोने करायला चांगले व्यवस्थापन लागते.

पळवाट कोणती होती आणि ती बंद झाली का?

खेळाडू दीर्घकाळ जखमी असेल तर संघाला त्याच्या पगाराइतकी जादा मोकळीक मिळत असे. मेख अशी, की बाद फेरीत कॅप लागूच नव्हती. २०२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळी सामने खेळला नाही, बाद फेरीत परतला आणि सर्वाधिक ३२ गुण मिळवून गेला. मर्यादेपेक्षा सुमारे १.८ कोटी डॉलर महाग असलेल्या संघाने चषक जिंकला. सारे नियमात बसणारे होते, म्हणूनच इतरांचा संताप अधिक होता. आता २०२५-२६ पासून बाद फेरीत प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या २० जणांचे मानधनही मर्यादेत बसवावे लागते.

पुढे काय?

मर्यादा आता वेगाने वाढते आहे. २०२७-२८ साठी ती ११.३५ कोटी डॉलर असेल, असे लीग आणि खेळाडू संघटनेने जाहीर केले आहे. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या श्रम करारात स्वतःच्या खेळाडूला सात आणि बाहेरच्याला सहा वर्षांपर्यंतच करार देता येईल. आधी ही मुदत आठ आणि सात होती. चुकीचा करार थोडा लवकर संपेल, पण मॅकिननसारखा स्वस्त आणि लांबचा करार हाती लागण्याची संधीही कमी होईल.

खेळाडूचे करिअर १०-१५ वर्षांचे, एका दुखापतीने संपणारे. त्याने बाजारभाव मागितला म्हणून त्याला लोभी ठरवणे सोपे असते. पण मालकाच्या नफ्याला कॅपमुळे कोणतीही वरची मर्यादा नाही आणि ‘संघासाठी थोडे सोड’ असे त्याला कोणी म्हणत नाही. टोरंटोतील चौघांनी मिळेल ते घेतले; ते देणारी, त्याची मुदत ठरवणारी आणि वेळेत बदल न करणारी माणसे कार्यालयात बसली होती. मॅकडेव्हिडने लाखो डॉलरची जागा रिकामी करून दिली आहे. ती कोणाला द्यायची, हे तो ठरवणार नाही. दोन वर्षांनी त्याचा करार संपेल, तेव्हा हिशोब एडमंटनच्या व्यवस्थापनाला द्यावा लागेल.