मांजरीच्या ताटलीचा हिशेब

मुंब्रा असो, कोंढवा असो की मिरजेतला एखादा मोहल्ला, गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून पर्शियन मांजरी फार दिसू लागल्या आहेत. पिल्लू आणताना लोक हजारो रुपये मोजतात. त्याला मऊ गादी येते, नाव काय ठेवायचं यावरून पोरांची भांडणं होतात. खाण्याचा प्रश्न आला की मात्र दोन टोकं दिसतात. काहीजण दूध-चपाती कुस्करून देतात, कारण नानीच्या घरी हेच चालायचं. काहीजण दुकानातलं सगळ्यात महाग पाकीट उचलतात आणि कर्तव्य संपलं असं मानतात. मला हे दोन्ही पटत नाही. बेताच्या पगारातही मांजरीला चांगलं खाऊ घालता येतं. फक्त पाकिटाची मागची बाजू वाचायला हवी आणि थोडा हिशेब करायला हवा.

आधी नानीच्या मांजरीबद्दल. ती दूध-चपातीवर जगत होती, हा आपला गैरसमज आहे. ती दिवसभर कौलांवर, गल्लीत, परसात असायची. उंदीर, पाली, चिमण्या, खाटकाच्या दुकानाबाहेरचे तुकडे, हे तिचं खरं जेवण होतं. आपली दूध-चपाती ही वरची खिरापत. आज तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये जाळी लावून ठेवलेल्या मांजरीला यातलं काहीच मिळत नाही. ताटलीत आपण जे टाकू तेवढंच तिचं जग.

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जाते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या बाईचा गुन्हा दुहेरी होता: तिनं मांजरीला खाऊ घातलं नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खायला मोकळंही सोडलं नाही. यातला दुसरा भाग आपण विसरतो. दार बंद करण्याचा निर्णय आपला असेल, तर पोषणाची पूर्ण जबाबदारीही आपल्यावर येते. नुसतं पोट भरून भागत नाही.

मग मांजरीला लागतं काय? मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भात-भाकरीवर बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजरीला ते जमत नाही. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, तिचं बनवू शकत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला अन्नातूनच घ्यावं लागतं आणि ते मांस-मासळीतच असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय पसरट आणि दुबळं होतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन या पशुवैद्यानं सहकाऱ्यांसोबत ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. आजारी पडलेल्या त्या मांजरी पाकीटबंद अन्नच खात होत्या, आणि टॉरिन दिल्यावर त्यांचं हृदय सुधारलं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. म्हणून कुत्र्याचं स्वस्त खाणं मांजरीला रोज घालू नये. त्यात टॉरिन पुरेसं असेलच असं नाही. दुधाचं म्हणाल, तर बहुतेक मोठ्या मांजरींना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

आता कुणी म्हणेल, मग खाटकाकडून छिछडे आणू, स्वस्तात काम होईल. बिल्लीच्या ख्वाबातही छिछडेच असतात, असं आपण म्हणतोच. पण नुसत्या मांसावरही मांजर नीट जगत नाही. रानात ती उंदीर हाडांसकट खाते, त्यातून कॅल्शियम मिळतं. हाडाविना मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. कलेजी तिला फार आवडते, पण महिनोन्महिने रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होऊन मानेचे मणके जखडतात. काही कच्च्या माशांत ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून मासा उकडूनच द्यावा, काटा काढून. शिजवलेलं हाड देऊ नये, त्याचे टोकदार तुकडे होतात. आणि घरातल्या सालनातलं मटण तर नकोच. कांदा-लसूण मांजरीच्या रक्तपेशी फोडतात.

म्हणजे सर्वसाधारण कुटुंबाला पाकिटातलं कोरडं खाणं हाच पाया ठरतो. ते निवडताना पुढच्या बाजूचं चित्र विसरा. मागे तीन गोष्टी पाहा.

पहिली, हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणजे संपूर्ण आहार आहे असं लिहिलंय का, आणि कोणत्या वयासाठी. आपल्याकडच्या पाकिटांवर बहुधा अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफच्या मापाचा उल्लेख असतो. तसं काही नसेल किंवा ‘ट्रीट’, ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल, तर तो खाऊ आहे, जेवण नाही.

दुसरी, प्रथिनं. आफ्कोच्या मापानं पाणी वगळून मोठ्या मांजरीला किमान 26 टक्के आणि पिल्लाला 30 टक्के लागतात. ‘पाणी वगळून’ हे शब्द महत्त्वाचे. कोरड्या पाकिटावर 30 टक्के लिहिलेलं असतं, ओल्या पाउचवर 10 टक्के, आणि आपल्याला वाटतं पाउच कमी दर्जाचं. पण पाउचमध्ये 80 टक्के पाणी असेल, तर उरलेल्या 20 भागांतले 10 प्रथिनं, म्हणजे 50 टक्के. कोरड्यात 10 टक्के पाणी धरलं तर 33 टक्के.

तिसरी, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या दोन-तीन नावांत कोंबडी, मासा किंवा त्यांचं मील असावं. ‘मील’ शब्दाला घाबरायचं कारण नाही, ते वाळवून दळलेलं मांस असतं. मका-गहू पहिल्या जागी असेल तर पाकीट खाली ठेवा. ‘टूना फ्लेव्हर’चा अर्थ टूना भरपूर आहे असा होत नाही, अमेरिकी नियमात चव ओळखू येईल इतका अंश पुरतो. ‘ग्रेन-फ्री’साठी जादा पैसे मोजण्यातही फारसा अर्थ नाही, धान्याच्या जागी बहुधा बटाटा नाहीतर वाटाणा येतो.

महाग म्हणजे चांगलं, या समजुतीला 2007 साली मोठा धक्का बसला. उत्तर अमेरिकेत मांजरी-कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं, तपासणीत प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून. परत मागवलेल्या मालात स्वस्त आणि नावाजलेले असे दोन्ही ब्रँड होते, कारण बरेचसे एकाच कंपनीच्या कारखान्यांत बनत होते. किंमत वेगळी, माल एकाच दारातून आलेला.

आता खिशाकडे येऊ. घरात राहणाऱ्या चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण 200 ते 240 कॅलरी लागतात. 100 ग्रॅम कोरड्या खाण्यात 350 ते 400 कॅलरी असतात. म्हणजे रोज 60 ग्रॅमच्या आसपास, महिन्याला 1 किलो 800 ग्रॅम. पाकीट 350 रुपये किलोचं धरलं, तर दिवसाला 21 रुपये आणि महिन्याला 630. तेच पोट नुसत्या पाउचवर भरायचं तर रोज तीन तरी लागतील; 40 रुपयांचं एक धरा, महिना 3600 वर जातो. म्हणून पाउच रोजचं जेवण न करता अधूनमधून द्यावं.

पाउचचा खरा फायदा त्यातलं पाणी हा आहे. मांजर मूळची रखरखीत प्रदेशातली, तिला तहान कमी लागते. हे पाणी आपण फुकटात देऊ शकतो. मीठ, मसाला, कांदा न घालता कोंबडीचा तुकडा उकडा, ते पाणी कोमट करून दाण्यांवर घाला, वर दोन-तीन बारके तुकडे. उरलेलं तासाभरात उचलून टाका. असा वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि बोका लघवीला बसून कुंथतोय, पण थेंब पडत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.

बचतीसाठी लोक उघड्या पोत्यातला सुटा माल घेतात, तो मी घेऊ नका म्हणेन. त्यावर तारीख नसते, घटक नसतात, आणि हवा लागून त्यातलं तेल खवट होतं. सात किलोचं मोठं पोतं किलोमागे स्वस्त पडतं खरं, पण एका मांजरीला ते जवळपास चार महिने पुरतं. फोडलेलं पोतं दीड महिन्यात संपायला हवं. यावर सोपा तोडगा आहे. इमारतीत मांजर असलेली तीन घरं असतील तर मिळून पोतं आणा, फोडल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटून घ्या आणि लेबलचा फोटो प्रत्येकाकडे ठेवा. नवं खाणं सुरू करताना आठवडाभर जुन्यात मिसळून बदला. मांजर रुसून दोन दिवस काहीच खात नसेल तर तिला उपाशी ठेवून वठणीवर आणायचा हट्ट करू नका, यकृतावर परिणाम होतो.

एक तक्रार सरकारकडेही आहे. 2017 साली जीएसटी आला तेव्हा गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याला सूट मिळाली, मांजर-कुत्र्याच्या पाकिटावर 18 टक्के बसले. हौशीची वस्तू, असा त्यामागचा विचार दिसतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खालाला विचारा, तिची मांजर हौस आहे की सोबत.

पण कर कमी होईपर्यंत मांजर थांबणार नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधीच घरच्या खर्चात महिन्याला सहा-सातशे रुपये लिहून पाहा, डॉक्टरचे वेगळे. बसत असतील तर खुशाल आणा. बसत नसतील तर गल्लीतल्या मोकळ्या मांजरीला रोज मूठभर दाणे आणि वाटीभर पाणी ठेवा. तिचं बाकीचं जेवण ती स्वतः शोधते.