घरगुती हिशेब : हलकी की दमदार?

विजेची सायकल घ्यायची, हे आमच्या घरात गणपतीतच ठरले. कोणती घ्यायची, याचा मात्र नवरात्र उलटले तरी निकाल लागेना. सौभाग्यवतींचे मत एका वाक्याचे होते : "अहो, चालवणार तुम्ही. तुम्हाला आवडेल ती घ्या." अशा वाक्याला किती जपून राहावे लागते, हे संसारी वाचकांना सांगायला नकोच.

दुकानात दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक उतरत्या दांडीची, सडसडीत, वजन १७ किलो. दुसरी जाड टायरांची, रुबाबदार, वजन २८ किलो. मोटर दोघींची २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. म्हणून ना लायसन, ना नंबरपाटी. फरक होता तो चढावरच्या जोराचा आणि बॅटरीचा. हलकीची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की ३६० वॅट-तास. दमदारची ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-तासांची, म्हणजे ७२०. बरोबर दुप्पट! आणि तीसुद्धा पूर्ण भरायला एक युनिट वीज लागत नाही. उभा जन्म जमाखर्च लिहिण्यात घालवलेल्या माणसाला असले आकडे भुरळ घालतात.

"काका, दोन्ही एकेक दिवस घरी नेऊन पाहा," दुकानदार म्हणाला.

आमची लेक बावधनला राहते. सदाशिव पेठेतून निघून कोथरूड डेपो मागे पडला की चांदणी चौकाचा चढ लागतो. पासष्टी ओलांडलेल्या गुडघ्यांनी या चढाला केव्हाच रामराम ठोकला होता. पण पहिल्या दिवशी दमदार सायकलीने मला असे वर नेले की, पाय आपण हलवतो आहोत ते केवळ शिष्टाचार म्हणून, असे वाटावे. नातवाने गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. मी मनात पैसे मोजून टाकले.

संध्याकाळी घरी आलो. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि तळाशी स्कूटरींच्या गर्दीत सायकल ठेवायला जागा नाही. पहिल्याच जिन्याच्या वळणावर मी आणि सायकल दोघेही अडकलो. शेजारचा कॉलेजकुमार धावून आला. प्रत्येक मजल्यावर विसावा घेत आम्ही वर पोहोचलो. "आजोबा, रोज हाक मारत जा," तो मनापासून म्हणाला. त्या 'रोज'ने माझी झोप उडवली.

रात्री एक साधी गोष्ट ध्यानात आली. सायकल चालते तेव्हा तिचे वजन मोटर वाहते. ती थांबली, बॅटरी संपली, जिना आला, की तेच वजन माणसाच्या गळ्यात. रस्त्यावर ११ किलोंचा फरक जाणवत नाही. कारण स्वार धरून एकूण भार शंभर किलोंच्या घरात, त्यात अकराची काय कथा? जिन्यात मात्र सगळा हिशेब त्या अकरांचाच.

दुसऱ्या दिवशी हलकी नेली. त्याच चढावर खालचा गिअर घालून मनापासून पायडल मारावे लागले. मोटर हात देत होती, पण उचलून नेत नव्हती. एकदा उतरून दम खाल्ला. पोहोचलो, पण इतक्या उशिरा की टाळ्या वाजवणारा नातू झोपी गेला होता.

परतलो तेव्हा ही मंडईतून येऊन दारातच उभी होती. तिने भाजीची पिशवी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "जरा द्या बघू."

मी काही बोलायच्या आत ती बसलीसुद्धा. बोळाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि दिव्याच्या उजेडातून घंटी वाजवत परत आली. चेहरा असा, की मला एकदम एस. पी. कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडणारी मुलगी आठवली.

त्या मुलीची एक सायकल होती. लग्नात ती आमच्याकडे आली. १९८५ साली लेक झाली, आणि माझी स्कूटर नोंदवायला पैसे कमी पडत होते म्हणून मी ती विकली. "आता तुला कुठे लागणार?" असेही वर म्हणालो. स्कूटर काही वर्षांनी आली. सायकल पुन्हा आली नाही. त्यावर हिने आजवर एक शब्द काढलेला नाही. जमाखर्च लिहिणाऱ्या मलाही ही बाकी कधी दिसली नव्हती.

"छान आहे हो," एवढेच म्हणून ती उतरली. मग पुढचे चाक तिने धरले, मागचे मी, आणि कुणालाही हाक न मारता आम्ही तिसरा मजला गाठला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पैसे भरून आलो. "घेतली का दमदार?" हिने विचारले. मी "हूं" केले. ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. आता बावधनला जाताना चढाच्या पायथ्याशी उतरून थोडे चालेन; डॉक्टरांचाही तसाच सल्ला आहे.

सायकल पाडव्याच्या सकाळी येणार आहे. ओवाळणीच्या ताटात यंदा तिची किल्ली घालायची आहे. तोवर हा अंक घरात आलाच, तर हे पान तेवढे मी दुमडून ठेवीन.