कर्ता कोण, मिसळणारा की मसाला घालणारा?

एखाद्या पेयाचा जनक कोण, हा वाद बहुधा निष्फळच ठरतो. परंतु टोमॅटोचा रस, व्होडका आणि मीठमसाला यांपासून सिद्ध होणाऱ्या ब्लडी मेरीच्या बाबतीत तो मला उपेक्षणीय वाटत नाही, कारण त्याच्या निवाड्यावर हे पेय कसे करावे याचाही निवाडा अवलंबून आहे.

या वतनावर दोन दावेदार आहेत. पहिला अमेरिकन विनोदी नट जॉर्ज जेसेल, दुसरा फर्नांद पेतियो हा फ्रेंच बारटेंडर. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदीचा अंमल सुरू झाल्यामुळे तेथील कित्येक शौकीन पॅरिसची वाट धरीत होते, आणि राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागलेले रशियन लोकही व्होडकाची आवड बरोबर घेऊन त्याच शहराच्या आश्रयास आले होते. अशा काळात पेतियो तेथील हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये नोकरीस होता. दारूबंदी उठल्यावर तो न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलातील किंग कोल बारमध्ये रुजू झाला. पुढे १९६४ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाशी बोलताना त्याने आपली बाजू स्पष्ट मांडली : जेसेलचे पेय म्हणजे केवळ व्होडका आणि टोमॅटोचा रस होता, त्याला आजचे रूप दिले ते आपण.

माझा कौल निःसंशय पेतियोला आहे. शिजवून घोटलेल्या तुरीच्या डाळीला कोणी आमटी म्हणत नाही. फोडणी बसून चिंच, गूळ आणि मसाला पडला म्हणजेच ती आमटी होते, आणि तिचे श्रेय डाळ शिजत लावणाराला कोणी देत नाही. शिवाय व्होडका अजिबात वगळली, तरी 'व्हर्जिन मेरी' या नावाने हे पेय जगभर आवडीने घेतले जाते. मीठमसाला वगळला, तर मागे नुसता रस उरतो.

या मसाल्यात वूस्टरशायर सॉसचे स्थान मोठे आहे. इंग्लंडातील वूस्टर शहरी ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी एकोणिसाव्या शतकात तो बाजारात आणला. शिरक्यात मुरलेले बारीक मासे, काकवी, कांदा, लसूण आणि आपल्या ओळखीची चिंच यांतून त्याची गडद, आंबटगोड चव घडते. पिकल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या माशात जिभेला तृप्त करणारे जे रुचिद्रव्य असते ते एकच असल्यामुळे, हा सॉस पडताच टोमॅटोचा कच्चेपणा लोपून रसाला रश्शासारखे भरीवपण येते.

पेतियोची कृतीही विचारपूर्वक होती. भांड्याच्या तळाशी तो आधी मीठ, काळी मिरी आणि लाल तिखट घाली, त्यांवर सॉसचा काळसर थर पसरी, मग लिंबाचा रस आणि फोडलेला बर्फ, आणि सर्वांत शेवटी व्होडका व टोमॅटोचा दाट रस समप्रमाणात, म्हणजे प्रत्येकी सुमारे ६० मिलिलिटर. पुढे तो ते भांडे हलवी. या एका बाबतीत मात्र मी त्याच्याशी सहमत नाही. जोराने हलवल्यास रसाला फेस येतो, बर्फ लवकर विरघळतो आणि पेय पाणचट होते. त्यापेक्षा एका पेल्यातून दुसऱ्यात चारपाच वेळा सावकाश ओतण्याची रीत श्रेयस्कर.

असे असता, मसाल्याचे हे सारे काम बाटलीबंद तयार मिश्रणावर सोपवून पेल्याच्या तोंडाशी तळलेली कोलंबी, चीज, प्रसंगी अख्खा बर्गरसुद्धा सळईला टोचून उभा करण्याची जी वहिवाट अमेरिकेत पडली आहे, ती मला सर्वस्वी अमान्य आहे. सेलरीची एक काडी ढवळण्यास पुरते. टोमॅटो दर मोसमात सारखा आंबट नसतो, तेव्हा लिंबू किती पिळावे हे त्या दिवशीच्या रसाची चव घेतल्यावाचून कोणतीही बाटली ठरवू शकत नाही. रस पातळ असेल, तर तो आधी मंद आचेवर थोडा आटवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मीठ त्यानंतरच घालावे, कारण आटताना रसाचा मूळचा खारेपणाही वाढलेला असतो.