दहा ठिपक्यांचा रुपया

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी, माझ्यासारखीच नाणी जमवणाऱ्या अकोटच्या सरांचा फोन आला. "दहा ठिपक्यांचा तुझा तो रुपया अजून तसाच आहे का रे?" एवढंच विचारलं. मी तेल्हाऱ्यातल्या माझ्या दुकानाचं शटर ओढलं आणि एसटीने अकोट गाठलं. सरांनी ओसरीवरची ट्यूबलाइट मालवून साधा पिवळा बल्ब लावला, टेबलावर मऊ पंचा अंथरला आणि कागदाची घडी उलगडली. आत १८६२ सालचा राणी छाप रुपया होता. कडेला धरून मी तो बल्बखाली जरासा कलता केला, तसा उजेडाचा एक पट्टा राणीच्या गालावरून, मुकुटावरून, अक्षरांवरून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यासारखा फिरला. दीडशे वर्षं होऊन गेली तरी टांकसाळीतून निघतानाचं तेज अंगावर शाबूत होतं. "आता ठिपके मोज," सर म्हणाले. मी भिंग लावून मोजले. सालाखाली बरोबर दहा.

रुपयावर १८६२ छापलेलं असलं तरी तो १८६२चाच असेल असं नाही. १८७४पर्यंत टांकसाळी हेच साल छापत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले, आणि त्यांच्या संख्येवरून नाणं कोणत्या वर्षी पाडलं ते कळतं असं जाणकार मानतात. त्या हिशेबाने हा १८७२च्या आसपासचा. वेलीतलं वरचं फूल काही रुपयांवर उमललेलं असतं, काहींवर मिटलेलं. राणीच्या पोशाखावरच्या नक्षीतही फरक आहे. हे सगळे प्रकार जमवायचे म्हटले तर एका माणसाचा जन्म पुरत नाही, आणि सगळे उत्तम स्थितीत जमवायचे तर एकट्याला ते होतच नाही.

आपल्या वऱ्हाडात हे रुपये का सापडतात त्याला कारण कापूस आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत चांदी येत होती, तिथे तिचे रुपये पडत होते आणि ते इकडे कास्तकारांच्या गाठीला येत होते. १८७०मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, त्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. वऱ्हाड नावाला निजामाचं, पण १८५३पासून कारभार इंग्रजांचा, म्हणून इथल्या बाजारात कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया चालला. पैनगंगेपलीकडे मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का होता. सोयरिकीमुळे तोही आपल्या घरांत येऊन बसलेला आहे.

माझ्याकडचा दहा ठिपक्यांचा रुपया अकरा वर्षांपूर्वी घेतलेला. कानावरच्या केसांची बट पुसून गेलेली, गाल गुळगुळीत. त्या वेळी मला तो फार चकचकीत वाटला होता आणि त्या चकाकीचेच मी जास्त पैसे मोजले होते. हिवरखेडच्या काकांना मोठ्या हौसेने दाखवायला नेला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला, दोनदा फिरवला आणि माझ्या हातात भिंग दिलं. गालावर एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. कुणीतरी राखेने घासला होता. "चांदी घासली त चमकते बाप्पा," काका म्हणाले, "पन चेहरा गेला त मंग काय राह्यते?" त्या दिवशी मला वाईट वाटलं. पण मला नाणं पाहायला शिकवलं ते काकांनी, आणि तेही माझ्याच नाण्यातला दोष तोंडावर सांगून. विकणारा तो दोष सांगणार नव्हता.

अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९मध्ये नाण्यांना १ ते ७० असे गुण द्यायची पद्धत आणली. आता कंपन्या त्याच मापाने गुण लिहून नाणं बंद डबीत घालून देतात. मोठ्या रकमेच्या व्यवहारात त्याचा उपयोग होतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ६० आणि त्यापुढची, म्हणजे न वापरलेली नाणी एकमेकांपासून ओळखायची नजर डबी वाचून येत नाही. दहा नाणी शेजारी शेजारी ठेवून, त्यांतलं सरस कोणतं यावर चार माणसांशी तासभर वाद घातला की ती येते.

आमचा गोतावळा असा चार-पाच जणांचा. प्रत्येकाच्या खिशात एक छोटी वही असते आणि तिच्यात स्वतःपेक्षा दुसऱ्यांच्या उणिवा जास्त लिहिलेल्या असतात. कुणाकडे काय नाही, कुणाचं कोणतं नाणं झिजलेलं आहे, कुणाला बदलून हवं आहे. सरांच्या वहीत माझ्या नावापुढे 'दहा ठिपके, घासलेला' असं कधीचं लिहिलेलं होतं.

हा नवा रुपया परतवाड्याच्या भाऊंकडे दोन होते त्यांतला एक. भाऊंना १९११चा रुपया हवा होता. पंचम जॉर्जच्या त्या रुपयाची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक असते. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि बहुतेक रुपये सरकारने परत वितळवले. पुढच्या वर्षी ठशातला हत्ती दुरुस्त झाला. असा एक चांगला १९११चा रुपया खामगावच्या दादांकडे होता, पण तो ते पैशाला द्यायला तयार नव्हते. त्यांना चारमिनार छापाचा हाली रुपया हवा होता, न झिजलेला. आणि तो माझ्याकडे जादा होता, सासुरवाडीकडून आलेला. सरांनी सहा महिने या तिघांच्या गाठी मारल्या, मला पत्ता लागू दिला नाही. त्या रात्री माझा चारमिनार खामगावला निघाला, १९११ परतवाड्याला आणि दहा ठिपके तेल्हाऱ्याला. वरचा फरक तेवढा रोख दिला. सरांना स्वतःला यात एकही नाणं मिळालं नाही. त्यांनी वहीतली माझी ओळ पेनाने खोडली आणि चहा मागवला.

आमच्यात लिहिलेले नियम नाहीत, पण एक रीत ठरलेली आहे. नाणं पुढे करताना आधी त्याचा दोष सांगायचा. कडेला कडी लावल्याचा डाग आहे का, हारातून काढलेलं आहे का, धुतलेलं आहे का, हे समोरच्याने विचारायच्या आत सांगून टाकायचं. आणि चांगलं नाणं आलं की आपल्याकडचं खालच्या प्रतीचं अडवून ठेवायचं नाही, ज्याला त्याची गरज आहे त्याला द्यायचं. माझा घासलेला रुपया आता नववीतल्या एका मुलाकडे गेला आहे. तो शाळा सुटल्यावर दुकानात येतो आणि बियाण्याच्या पोत्यावर बसून ठिपके मोजतो. रुपया देताना त्याला गालावरच्या रेघा आधी दाखवल्या.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीत माझं नुकसान झालं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचा अल्बम मी पत्र्याच्या कपाटात ठेवला होता. उन्हाळा संपता संपता उघडून पाहिला तर १९५० सालच्या नव्याकोऱ्या आण्यांवर हिरवट, चिकट थर बसलेला. ते पीव्हीसी प्लॅस्टिक होतं. भाऊंनी शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणी बुडवायला सांगितली, अजिबात न चोळता. थर निघाला, पण तीन नाण्यांचा पृष्ठभाग खाल्ला गेला होता तो गेलाच. तेव्हापासून आम्ही सगळे ताठ, पीव्हीसी नसलेल्या डब्या एकदमच मागवतो.

मैत्रीचा आणखी एक उपयोग म्हणजे ती नको तिथे जाऊ देत नाही. एकदा मातीने माखलेली तांब्याची नाणी घेऊन एक जण माझ्या दुकानात आला होता. शेतात सापडली म्हणाला. मोह झाला, म्हणून सरांना फोन लावला. सरांनी मला तऱ्हाळ्याची आठवण करून दिली. १९३९मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या पोटीन धातूच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. तो एकत्र अभ्यासायला मिळाला म्हणून वा. वि. मिराशींना कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं वाचता आली. तीच नाणी पाच-पन्नास जणांच्या खिशांत गेली असती तर ते राजे कायमचे हरवले असते. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा, हा कायदा १८७८पासून आहे. त्या माणसाला मी तहसीलचा रस्ता दाखवला.

हिवरखेडचे काका तीन वर्षांपूर्वी गेले. घरच्यांना त्यांच्या नाण्यांतलं काही कळत नव्हतं, आणि चांदीचा भाव चढलेला होता. एका राणी छाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. वजनावर विकायचं असं घरात ठरतच आलं होतं. काकूंनी आम्हाला निरोप धाडला. आम्ही चौघं तीन दिवस त्यांच्या ओसरीवर बसलो, एकेक नाणं भिंगाखाली पाहिलं, त्याची प्रत आणि वाजवी किंमत वहीत लिहून काकूंच्या हवाली केली. आमच्यापैकी कुणी काही घ्यायचं तर ते लिहिलेल्या किमतीलाच, घासाघीस नाही, असं आधीच ठरवलं होतं. एकही रुपया मुशीत गेला नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तुमच्या घरात आजीचे रुपये निघतील. हळदकुंकू जरूर वाहा. पण नंतर ते चिंचेने, राखेने, रांगोळीने घासू नका. साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडाने टिपा आणि कागदात गुंडाळून ठेवा. त्या कागदावर रुपया कुणाचा, कुठून आला तेवढं लिहून ठेवा. आणि मोडीत घालायची वेळ आलीच, तर त्याआधी एकदा दुकानावर या. बल्ब आणि भिंग तिथेच असतं.