टाकीला दाढी फुटली!

दोस्तांनो, समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी पाहिलीय कधी? गप्पी-गोल्डफिशची नव्हे हं, आत जिवंत प्रवाळ असतात ती! अमेरिकेत, जर्मनीत, जपानमध्ये हा छंद जोरात आहे. आपल्याकडे मात्र समुद्रातून कठीण प्रवाळ काढायला नि विकायला कायद्यानं बंदी आहे. २००१ साली त्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत बसवलं गेलं. तेव्हा टाकी हवी म्हणून बाबांच्या मागे लागू नका. पण तिथली एक भानगड समजून घ्या, गप्पींच्या टाकीलाही ती उपयोगी पडेल.

भानगड म्हणजे शेवाळ! टाकी नवी असताना काचेवर तपकिरी थर येतो, तो बहुधा आपोआप जातो. खरी डोकेदुखी हिरव्या केसाळ शेवाळाची. दगडांना दाढी फुटते, ती प्रवाळावर चढते, त्याचा उजेड अडवते. प्रवाळ गुदमरून मरतं.

हे येतं कुठून? आपल्याच हातून! माशांना आपण प्रेमानं चिमूटभर जास्तच खाऊ घालतो. उरलेलं कुजतं, माशांची घाण त्यात मिसळते आणि पाण्यात नायट्रेट नि फॉस्फेट साठतात. शेवाळाला हे म्हणजे आयतं खत.

मग औषध ओतावं? थांबा! प्रवाळाच्या शरीरातही सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात अन्न बनवून त्याला खाऊ घालतं. म्हणजे एक शेवाळ वैरी, तर दुसरं घरातला आचारी! तांबं असलेलं औषध टाकलंत तर गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ सगळेच मरतील. शिवाय मेलेलं शेवाळ आतच कुजलं, तर खत परत पाण्यातच.

म्हणून आधी हातानं उपटून बाहेर काढायचं. खाऊ दोन मिनिटांत संपेल एवढाच. दिवा रोज आठेक तास पुरे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, आर.ओ.च्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. नळाच्या पाण्यातून खत येऊ शकतं ना! आणखी एक युक्ती मला फार आवडते. शेजारच्या वेगळ्या डब्यात मुद्दाम शेवाळ वाढवतात. ते खत खाऊन फुगतं, मग कापून टाकायचं. काट्यानं काटा!

गोगलगायी मात्र हव्याच. चरणारे नसले तर काय होतं? १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन पटापट मरू लागले. सुमारे वर्षभरात सगळ्या कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, १९८० च्या वादळानं प्रवाळही मोडलं होतं. आता चरायला कुणीच उरलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बहुतेक प्रवाळभिंतींवर शेवाळाचाच गालिचा होता! एवढ्या मोठ्या समुद्रात कुणी हात घालून किती उपटणार?

तुमच्या गप्पींची टाकी खिडकीच्या उन्हात असेल, तर आजच हलवा. मोठ्यांना हाताशी घ्या, आधी निम्म्याहून जास्त पाणी काढा, भरलेली टाकी उचलू नका. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतील. आणि परदेशातल्या मावशीकडे समुद्राची टाकी असेल, तर ते खारं पाणी मात्र तिच्या तुळशीला घालू नका बरं का!