आठ तासांची परीक्षा, सात वर्षांची तयारी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ताई धारवाडहून आली. सोबत दाजी, भाची आणि दाजींच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अव्वा. ओवाळणीचं तबक खाली ठेवता ठेवता ताईने विचारलं, "तुमच्या सोसायटीत सोनेतारणाचा दर सध्या काय आहे रे?"

मला वाटलं, कुणाचं आजारपण निघालं की काय. पण तसं काही नव्हतं. भाचीचं बीसीए संपलं होतं आणि तिला नेटवर्किंगमध्ये जायचं होतं. बेंगळूरच्या एका क्लासने 'सहा महिन्यांत सीसीएनए ते सीसीआयई' असं पॅकेज सांगितलं होतं. फी तीन लाख ऐंशी हजार, राहणं-जेवण वेगळं. त्यासाठी ताई आईच्या वेळच्या पाटल्या ठेवायला निघाली होती.

"एष्ट वर्ष आगतद?" दाजींनी मला विचारलं. ते पैशाचं नाही, वर्षांचं विचारत होते. मी म्हटलं, "सहा ते सात." घरात एकदम शांतता पसरली. मग ताई म्हणाली, "तुला जमलं नाही म्हणून पोरीला अडवतोस होय?"

वाचकहो, ताई खोटं बोलली नव्हती. या परीक्षेला मी दोनदा बसलो, २०१२ साली आणि २०१३ साली. दोन्ही वेळा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूरला गेलो आणि त्याच गाडीने रिकाम्या हाताने परत आलो. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले होते. तिसऱ्यांदा बसायची हिंमत झाली नाही. त्यामुळे ताईचं बोलणं लागलं, पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी भाचीसाठी एका वहीत जे लिहिलं, तेच आज इथे देतो. आपल्या भागात घरटी एक मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकते आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी ही परीक्षा काय आहे ते सांगतो. राऊटर आणि स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीने १९९३ साली ती सुरू केली. पूर्ण नाव सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट. पास होणाऱ्याला एक क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर त्याचाच राहतो. हे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले, कारण कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा आपल्या शंभरासारखा. २००१ सालापर्यंत प्रात्यक्षिक दोन दिवस चालायचं, आता एकाच दिवसात आठ तास असतं. एंटरप्राइझ शाखेत पहिले तीन तास जाळ्याच्या आराखड्याचे आणि पुढचे पाच तास ते जाळं उभं करण्याचे, चालवण्याचे, सुधारण्याचे. आराखड्याचा भाग संपला की मागे फिरता येत नाही. हे प्रात्यक्षिक बेंगळूरला देता येतं, एवढी आपली सोय आहे. फी सोळाशे डॉलरच्या घरात, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या वर. नापास झालात तर पुन्हा तेवढेच.

आता गंमत बघा. या परीक्षेला बसायला खालची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट नाही. क्लासवाले नेमकं याच फटीतून आत शिरतात. पण ज्यांनी परीक्षा काढली, त्या सिस्कोचंच सांगणं आहे की पाच ते सात वर्षं कामाचा अनुभव असावा. अट नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. अळणावरचं तिकीट काढून गोव्याला उतरता येत नाही.

वहीत मी तीन टप्पे लिहिले.

पहिला टप्पा सीसीएनए. रोज दोन तास धरले तर सहा ते आठ महिने. १२० मिनिटांची परीक्षा, फी तीनशे डॉलर. सरावासाठी पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. याला पाटल्या लागत नाहीत, बैठक लागते.

दुसरा टप्पा नोकरी, आणि नोकरी करता करता सीसीएनपी. याला तीन वर्षं धरा. २०२० सालच्या फेब्रुवारीत सिस्कोने सगळी रचना बदलली. तेव्हापासून सीसीएनपीला एक मुख्य पेपर आणि एक आवडीचा पेपर असतो. एंटरप्राइझ शाखेचा मुख्य पेपर म्हणजे एन्कोर, फी चारशे डॉलर. तोच पेपर पुढे सीसीआयईच्या प्रात्यक्षिकाला बसण्यासाठीही चालतो. म्हणजे एका कष्टात दोन कामं. हे पैसे पगारातून भरावेत, घरातल्या सोन्यातून नव्हे.

तिसरा टप्पा प्रात्यक्षिकाची तयारी. नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं. आता त्यात पायथॉनमधून राऊटरला हुकूम देणंही येतं, त्यामुळे ते पहिल्या वर्षापासून हळूहळू शिकत राहावं. पैशाचा अंदाज मात्र एका नाही, दोन प्रयत्नांचा करावा. मी तो केला नव्हता. आणि पास झाल्यावरही सुटका नाही, दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं.

वही वाचून भाची हिरमुसली. म्हणाली, "मामा, मला सगळं पाठ आहे. क्लासवाल्यांनी प्रश्नोत्तरं दिलीत, ती पण झालीत."

ही प्रश्नोत्तरं म्हणजेच माझं जुनं दुखणं. परीक्षेत काय आलं ते बाहेर सांगणार नाही, अशी प्रत्येक उमेदवाराची संमती घेतलेली असते. तरी बाजारात 'खात्रीचे प्रश्न' विकले जातात. मीही तेव्हा चौदा महिने वाचनच केलं आणि तयार उत्तरांवर विसंबलो. समोरचं जाळं माझ्या ओळखीचं नव्हतं, इतकंच मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं.

मी माळ्यावरून दोन जुने राऊटर काढले. बेंगळूरच्या एसपी रोडवरून कधीकाळी जुन्या भावात घेतलेले. दोन्ही केबलने जोडले, त्यांच्यात ओएसपीएफ लावलं आणि एका बाजूला मुद्दाम एक खोडी करून ठेवली. ओएसपीएफ म्हणजे राऊटरनी एकमेकांना रस्त्यांची माहिती देऊन सगळ्यांत जवळचा रस्ता काढण्याची पद्धत. "दोघे शेजारी आहेत, एकमेकांना दिसतात, पिंगही जातं. पण मैत्री होत नाही. का ते सांग."

भाचीने मैत्रीच्या सगळ्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. डाऊन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्स्चेंज, लोडिंग, फुल. एकही चुकली नाही. पण समोरचे राऊटर एक्सस्टार्टवर अडकले होते आणि तिथून पुढे का सरकत नाहीत, ते पायऱ्यांच्या यादीत लिहिलेलं नव्हतं. केबल बदलून बघितली. पत्ते तपासले. राऊटर बंद करून चालू केले. जेवायला हाक मारली तर उठेना.

अव्वा दारातून सगळं बघत होत्या. त्यांना राऊटर काय ठाऊक, पण नात घामाघूम झालेली दिसत होती. म्हणाल्या, "कै केसरादरे बायि मोसरु." आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटात दहीभात वाढायला निघून गेल्या.

अडीच तासांनी आतून ओरडणं ऐकू आलं. "मामा, एमटीयू!" बरोबर होतं. एका राऊटरला मी एका वेळी १५०० बाइटचं पाकीट चालेल असं सांगितलं होतं आणि दुसऱ्याला १४००. पिंगचं पाकीट लहान, ते जातं. पण माहितीची देवाणघेवाण सुरू करताना दोघे आपापलं माप सांगतात आणि ते जुळत नाही म्हणून गाडं तिथेच अडतं. हे वाचून दोन मिनिटांत कळतं. स्वतः शोधलं की जन्मात विसरत नाही.

रात्री तिने स्वतःच ताईला सांगितलं, "अम्मा, मला एक गोष्ट शोधायला अडीच तास लागले. तिथे आठ तासांत सगळं करायचं असतं. सहा महिन्यांत नाही व्हायचं." ताई काही बोलली नाही. पाटल्यांची डबी पिशवीत गेली आणि पिशवी धारवाडला.

भाची आता माझ्याकडेच राहते. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नेटवर्क सांभाळायला लागली आहे. पगार थोडका आहे, आणि काळ्या मातीच्या धुळीने स्विच वरचेवर गरम होऊन बंद पडतात. संध्याकाळी हात काळे करून येते, धुते आणि दोन तास बसते. पहिली परीक्षा अजून व्हायची आहे. सात वर्षांनी क्रमांक मिळेल की नाही, ते मी कसं सांगू? ज्याला स्वतःला मिळाला नाही, त्याने दुसऱ्याला हमी देऊ नये. पण दर महिन्याला ती माझ्याकडे दोन हजार ठेवायला देते, त्या पाकिटावर तिने लिहिलं आहे, 'प्रयत्न पहिला'. त्याच्या शेजारी दुसरं पाकीट आहे, अजून रिकामं. त्यावर लिहिलं आहे, 'प्रयत्न दुसरा'. मामाकडून एवढं तरी शिकली.

संक्रांतीला धारवाडला गेलो होतो. तिळगूळ देताना ताईच्या हातात पाटल्या होत्या. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.